थोरल्याला शब्द मिळंना

...मंग मला सांगा, घरात थोरला कोण? मच्छिंद्र. तरी इंग्रजी शब्द मिळावा धाकट्या धर्मराजला? तुम्हाला सांगतो, त्या हुरड्यापासून मच्छिंद्राच्या गळ्याखाली घास उतरंना झाल्ता.

वाटणीत अन्याय झाला म्हणावं, तर तसंबी न्हाई. शहाण्णव साली बाप वारला, रखमाजी, आन् राजूरच्या चार माणसांसमोर सडकेकडचं रान, विहीर, विहिरीवरची मोटार, बैलजोडी, सगळं मच्छिंद्रानंच आधी घेतलं, कारण थोरला कोण? धर्मराजला उरलं माळाकडचं रान आन् पेरणीची जुनी तिफण, आज्यानं बांधावरच्या बाभळीची केलेली. "ने ते लाकूड, चुलीला व्हईल," हे मच्छिंद्रच म्हणला, चारचौघांत.

धर्मराजनं ती चुलीत घातली न्हाई. फण बदलले, तेल पाजलं, अन् दर साली दुसऱ्याचे बैल मागून तिनंच पेरून राह्यला.

मंग त्याच्याच रानात हुरड्याला आल्ती शिवनारायण शेटजींची सून, राजकुमारी मॅडम, शाळेत इंग्रजी शिकवतात. सगळे कणसं चोळून खाऊन राह्यले, आन् ह्या बाई तिफणीवरून हात फिरवून राह्यल्या. कोणाची, कधीची? धर्मराजनं आज्यापासून सांगितलं. तर म्हणल्या, "धर्मराजभाऊ, ह्याला इंग्रजीत एअरलूम म्हणतात. एअर म्हणजे वारस. लूम म्हणजे आज कापडाचा माग, पण जुन्या इंग्रजीत कुठलंही अवजार. वारसाच्या हाती आलेलं अवजार. पुढं लोक दागिन्यांनाही एअरलूम म्हणायला लागले, पण तुमचं बिलकुल असली आहे."

असली! हुरडा मच्छिंद्राच्या तोंडातच राह्यला... म्हणजे वारस ठरला कोण? अहो, पण थोरला कोण?

घरी येऊन बायकोला, सोनूबाईला म्हणला, तिफण आपलीच हाये. ती म्हणली, चुलीत घालायला तुम्हीच दिल्ती ना? घरातलंच माणूस असं बोलल्यावर जावं कुठं? गेला धाकट्याकडं. बैल माझ्या वाटणीचे, तिफण बैलाच्या मागची, म्हणून तीबी माझीच, असं बराबर पटवून दिलं.

"ने दादा," धर्मराज म्हणला, "पण जुंपशील काय?"

आता बैल तर मच्छिंद्रानं पोळा झाल्या झाल्या विकलेले, पेरणी ट्रॅक्टरनं. तरी वाकला, तिफण उचलली, खांद्याला पेलंना, खाली ठेवली. धाकट्यानं चहा दिला तो पिऊन माघारी आला, अन् चहासुद्धा चांगला होता, हे जास्तच लागलं.

शेवटी गेला मॅडमकडं. म्हणला, "मलाबी बापाचंच आलंय. रान, विहीर, मोटार. त्याला इंग्रजीत काय म्हणतात? मोठा शब्द सांगा, मी थोरला हाये."

मॅडमनी जरा विचार केला. "प्रॉपर्टी."

मच्छिंद्र ओट्यावरून उठला. मंग चपला पायात सरकवल्या.

"हा तर आमच्या गुराख्यालाबी येतोय, मॅडम."