वाळूतलं इरिडियम

(संशोधन केंद्रातली दगड दळायची खोली. मधोमध ओटा, त्यावर अकीक दगडाचा खल. तिघंजण आहेत : निवृत्तीला चार महिने उरलेले सर, त्यांची जुनी विद्यार्थिनी, दगडातली सूक्ष्म कवचं मोजते म्हणून जिला सगळे कवचवाली म्हणतात, आणि वीस वर्षं इथे नमुने दळणाऱ्या बाई.)

सर : म्हणजे अठ्ठेचाळीस नंबरच्या पुडीत आपला दगड नव्हताच?

कवचवाली : नव्हता. मागे बांधकाम चाललंय ना, तिथली वाळू होती. मूठभर उचलली, धुतली, वाळवली, पुडीत घातली आणि वर अठ्ठेचाळीस लिहिलं.

सर : आणि मला न विचारता बाईंना दळायला दिलीस.

कवचवाली : विचारलं असतं तर दिली असतीत?

सर : आकडा काय आला ते सांग.

कवचवाली : बाकीच्या सत्तेचाळीस पुड्यांसारखाच. वाळूत इरिडियम निघालं, सर, उल्केबरोबर येणारा धातू. म्हणजे तुमची उल्का आता बांधकामावरही पडली म्हणायची.

सर : चेष्टा नको.

कवचवाली : चेष्टा करायचं बळ नाही माझ्यात. सकाळपासून हा कागद हातात घेऊन फिरतेय.

बाई : ती पुडी मीच दळली. मंगळवारी. हाताला वाळूसारखी लागली होती.

सर : मग बोलला का नाहीत, बाई?

बाई : पुडीवर नंबर होता. नंबर असला की मी दळते.

सर : आणि खालचा थर? तोही गेला म्हणायचा का?

कवचवाली : त्याला धक्का नाही. तो तीन वर्षांपूर्वी दळला, दुसऱ्या प्रयोगशाळेनंही तेच आकडे काढले. शिवाय तिथे नुसतं इरिडियम थोडंच आहे? वितळून उडालेल्या काचेचे मणी आहेत, तडाख्यानं आडव्यातिडव्या रेघा उमटलेले गारगोटीचे कण आहेत. सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी उल्का पडली, आभाळ काळवंडलं, निम्म्याहून जास्त जीवसृष्टी गेली. त्या बोटभर मातीला कोणी हात लावत नाही. प्रश्न आहे तो हातभर वरच्या थराचा. तुमच्या दुसऱ्या आघाताचा.

सर : माझ्या म्हणू नकोस.

कवचवाली : मग कोणाच्या म्हणू? पहिल्या उल्केतून जे वाचलं ते दुसरीनं संपवलं, हे कोणी लिहिलं? पुढच्या आठवड्यात परिषदेत चारशे माणसांसमोर कोण बोलणार आहे?

सर : मी. मीच लिहिलं.

कवचवाली : मी आठ महिने सांगतेय. पहिल्या थराच्या खाली माझ्या एका काचपट्टीवर समुद्रातल्या अडतीस जातींच्या जीवांची कवचं मिळतात. थराच्या लगेच वर तीन. तीही अशी बारीक, की श्वास सोडला तर उडतील. मग हळूहळू चार, सहा. तुमचा दुसरा आघात जिथे आहे तिथे अकरा. आघात झाला असता तर ती मरायला नकोत? माझी वाढतायत. तुम्ही म्हणालात, पुन्हा मोज. पाचदा मोजली.

सर : चष्म्याचा नंबर तपासून घे म्हणालो होतो.

कवचवाली : सगळ्यांदेखत.

सर : हं. ... खल बदलला होता का, बाई?

बाई : नाही. तोच. वीस वर्षं.

सर : चाळणी?

बाई : तीच. रोज आम्लात बुडवते, तीनदा धुते.

सर : पाणी?

बाई : तेच.

सर : काहीतरी बदललं असणार. इरिडियम काय हवेतून येतं? वरच्या थराचं काम नेमकं कधी सुरू केलंत?

बाई : डिसेंबरात. सुट्टीवरून आले तेव्हा.

कवचवाली : सुट्टी कसली, बाई? घरातला माणूस गेला आणि सहाव्या दिवशी तुम्ही इथे खल घेऊन बसलात. मी दारातच थबकले होते.

बाई : घरी काय करणार होते?

सर : हातमोजे घालता ना?

बाई : डाव्या हातात घालते.

सर : आणि उजव्या?

बाई : उजव्यात बसत नाही. अंगठ्यात ही अंगठी आहे ना, मोजा फाटतो. दोनतीन फाटले, मग सोडून दिला.

कवचवाली : बघू. चांदीची आहे?

बाई : प्लॅटिनमची. यांची आहे. माझ्या बोटात राहत नाही, म्हणून अंगठ्यात घालते.

कवचवाली : सर...

सर : ऐकलं मी.

बाई : काय झालं?

कवचवाली : तुम्ही सांगा, सर. मला नाही जमत.

सर : बाई, प्लॅटिनम नुसतं वापरलं तर मऊ पडतं. दागिना टिकावा म्हणून सोनार त्यात दुसरा धातू मिसळतात. बरेचदा इरिडियम.

बाई : किती?

सर : शंभरात दहा भाग असतं कधीकधी.

बाई : पण ही झिजलेली कुठे दिसते?

सर : दिसणार नाहीच. आपलं यंत्र अब्जात एक कण हुडकतं. बत्ता फिरवताना अंगठा खलाच्या काठाला घासत असेल. तेवढ्यानं भागलं.

बाई : म्हणजे मी केलं.

कवचवाली : तुम्ही काही केलं नाही.

बाई : मीच केलं, मॅडम. सत्तेचाळीस पुड्या माझ्या हातच्या आहेत. सरांच्या कामाची माती झाली, कळतंय मला. कळतंय, पण आत काही हलतच नाही. वाटायला हवं ना काहीतरी? घरीही तेच. दूध उतू जातं आणि मी ओट्याशी उभी राहून बघत बसते. मुलगी फोनवर रडते, मी तिला विचारते, जेवलीस का. परवा ती म्हणाली, आई, तू दगड झालीस.

कवचवाली : बसा जरा. पाणी देऊ?

बाई : नको. तहान नाही.

सर : वाळूची गोष्ट अजून आपल्या तिघांतच आहे.

कवचवाली : सर!

सर : थांब. फक्त बोलून बघितलं. कानाला कसं लागतं ते.

कवचवाली : मग? कसं लागलं?

सर : खोटं लागलं. कागद दे. तुझं अक्षर बरं आहे, तूच लिही. "संपादक महोदय, आमचा लेख कृपया मागे घ्यावा. वरच्या थरातलं इरिडियम हे प्रयोगशाळेतल्या दूषणामुळे आलं असल्याचं आमच्या सहकारी संशोधिकेनं सप्रमाण दाखवून दिलं आहे."

कवचवाली : माझं नाव कशाला?

सर : चष्मा तुझा नव्हता, माझा तपासायचा होता. लिही. परिषदेलाही एक प्रत पाठव. माझ्या वेळेत तू बोल. तुझ्या अकरा जातींवर.

कवचवाली : त्या चारशे माणसांसमोर?

सर : कवचं मोजायला घाबरली नाहीस, माणसं काय खातात?

बाई : दूषण कसलं, ते लिहिलं नाहीत.

सर : तेवढं पुरे, बाई. तुम्हाला कशाला त्यात ओढायचं?

बाई : अंगठी लिहा. जगात दुसरीकडेही कोणी असंच खल घेऊन बसलं असेल. त्यांना कळायला नको?

सर : बरं. लिही. "नमुने दळणाऱ्या आमच्या ज्येष्ठ सहायिका त्या काळात प्लॅटिनमची अंगठी वापरत होत्या."

बाई : त्यांच्या पतीची.

सर : शास्त्राला त्याची गरज नाही, बाई.

बाई : नसेल. पण मी कधीच अंगठी घालणारी नव्हते. वीस वर्षांत एकही घातली नाही. नीट लिहायचं तर तेही लिहा, नाहीतर लोक म्हणतील, ही बाई निष्काळजी.

कवचवाली : "त्यांच्या पतीची." की... दिवंगत पतीची, बाई?

बाई : अजून त्यांच्याच मापाची आहे ती.

कवचवाली : राहू दे. नुसतं पतीची ठेवते.

बाई : दाखला घरी आलाय. आठ महिने झाले, पाकीट फोडलेलं नाही. फ्रिजवर ठेवलंय. धूळ पुसते रोज त्याच्यावरची.

सर : कोणाची घाई नाहीये.

बाई : दिवंगतच लिहा. ते गेलेत. तीन तारखेला, सकाळी. चहा गाळत होते, तेवढ्यात पडल्याचा आवाज झाला. मी म्हटलं, काय सांडलं? असं विचारलं मी. काय सांडलं?

कवचवाली : बाई...

बाई : लिहिलं?

कवचवाली : लिहिलं.

सर : दे, सही करतो. आणि एक काम कर. तुझी ती काचपट्टी इथे आण. अकरावाली. आठ महिने तुझ्याशी भांडलो, पण एकदाही डोळा लावून बघितलं नाही.

कवचवाली : आत्ताच? माझ्याजवळच आहे. थांबा, सूक्ष्मदर्शक या ओट्यावर घेते. ... हं, या. उजवीकडची चकती फिरवा.

सर : हं. ... हं. ही भरघोस दिसतायत की गं. मेलेल्या समुद्राची म्हणून कोण म्हणेल? चुकलो मी.

कवचवाली : झालं गेलं.

सर : बाई, तुम्ही बघितलंत कधी?

बाई : मी? नाही. माझ्याकडे दगड येतो, पीठ होऊन जातं.

कवचवाली : या ना. असा डोळा लावा. दुसरा मिटायचा नाही.

बाई : काही दिसत नाही. ... थांबा. अगं बाई. केवढी बारीक! एकाला तर कप्पे आहेत. खोल्यांसारखे.

कवचवाली : वाढेल तशी एकेक खोली बांधत जातं ते.

बाई : आणि मोठी?

कवचवाली : मोठी सगळी अंधारात गेली. वर काही उगवेना, खायला मिळेना. ज्यांना थोडक्यात भागवता येत होतं ती राहिली.

बाई : मॅडम, दळताना ही मोडत असतील ना?

कवचवाली : हो.

बाई : बरीच?

कवचवाली : सगळीच, बाई. म्हणून तर तुमच्याकडे यायच्या आधी मी निम्मा दगड वेगळा काढून ठेवते.

बाई : वीस वर्षं मला कोणी सांगितलं नाही.

सर : खरंय. आमच्या लक्षातच आलं नाही.

बाई : वरच्या थराच्या पुड्या पुन्हा दळायला लागतील ना आता?

सर : लागतील. सगळ्या.

बाई : मग उद्यापासून दगड आधी मला दाखवत जा, मॅडम. बघून घेईन, मग दळेन.