ढिवराची पोर

नागभीडच्या तिकीट खिडकीवर दोघी बाया माझ्यापुढे होत्या. तिकीट एका गावचं, चौकशी साऱ्या तालुक्याची.

"गुणाबाई, तुह्या गावची चंद्रभागा तलावात पाय घसरून मेली म्हणे?"

"तसंच सांगून राह्यले सारे."

"ढिवराची पोर बुडते काय वं? चालाच्या आधी पोहाले शिकते ते."

"घसरली म्हटलं का लहान बहिणीचं लगन अडत नाई."

"पोळ्याच्या आधी जना बी अशीच घसरली न?"

"हो. तिघी मैत्रिणी, संगच जाळं विणत."

"तिसरी कोण?"

"माही वच्छला. सकाळी म्हणे, आई, माह्यं जाळं आता तूच पुरं कर."

"अन् तू इथी मच्छी विकाले निघाली?"

गुणाबाईनं सुक्या मच्छीची टोपली खाली ठेवली आणि ती गावाच्या वाटेनं पळत सुटली.