यझदची बाई आणि घोडपदेवची सुंदराबाई

सन्माननीय अध्यक्ष रघुवीर सर, व्यासपीठावरचे विश्वस्त आणि पाहुणे, आज जिच्यासाठी ही शाल आणि हे श्रीफळ आलंय ती आमच्या फोटोसंग्रहातली, आज निवृत्त होणारी दीपिका खरात, तिच्यासाठी घोडपदेवहून आलेली मंडळी, आणि वडे गार होताहेत म्हणून माझ्याकडे रागाने बघणारे माझे सहकारी, सगळ्यांना नमस्कार आणि जय भीम.

मी लतिका, ग्रंथालयातली. दीपिकाच्या शेजारी बसून डबा खाते, या सभेत बोलायला माझी तेवढीच पात्रता. निरोपाच्या भाषणात कौतुक करायचं असतं, ते माझ्याआधीच्या वक्त्यांनी करून झालंय. ‘शांत, मनमिळाऊ’ हे शब्द ऐकताना मला हसू आवरत नव्हतं. दीपिका शांत? काचेच्या निगेटिव्हला कुणी उघडं बोट लावलं की हिचा आवाज पार गिरगाव चर्चपर्यंत जायचा. तर कौतुक पुरे. मी सरांकडे एक मागणं मागायला उभी आहे, आणि ते का मागतेय हे सांगायला थोडा वेळ लागेल.

आपल्या संस्थेतली इराणी पेटी आम्हाला माहीत आहे, पाहुण्यांसाठी सांगते. इराणात यझद नावाचं गाव आहे. सव्वाशे वर्षांपूर्वी तिथल्या एका हौशी माणसाने कॅमेरा घेतला. त्या काळी तिकडे फोटो म्हणजे बहुतेक शहा, सरदार आणि त्यांचे घोडे. या गृहस्थाने काढले कोणाचे? रोटीवाल्याचे, न्हाव्याचे, पखाली वाहणाऱ्याचे, अंगणात बसून डाळिंबं सोलणाऱ्या बायकांचे. पुढे त्याची मुलं मुंबईत आली, रे रोडला बेकरी टाकली, आणि काचेच्या निगेटिव्हची ती पेटी मैद्याच्या गोणींमागे पडून राहिली. नातवंडांनी ती आपल्याला दिली. दीपिकाने एकेक काच मऊ ब्रशने साफ केली.

डाळिंबांची काच निघाली तेव्हा मी तिथेच होते. तेव्हा फोटोला स्थिर बसावं लागे, आणि सावलीत तर फारच वेळ. सगळ्या बायका पुतळ्यासारख्या बसल्यात. एकीने तेवढी मान वळवली. तिची ओढणी, हात, हातातलं डाळिंब, सगळं स्वच्छ आलंय. चेहऱ्याच्या जागी नुसतं धुकं आहे.

मी म्हटलं, “बाई गं, भुतासारखी दिसतेय.”

दीपिका म्हणाली, “भूत कसलं? हिचं पोर रडलं असणार.”

“तुला गं काय माहीत?”

“माझी आईपण अशीच आहे.”

तिची आई सुंदराबाई. दीपिका नऊ वर्षांची असताना गेली. तिचा एकच फोटो होता, चाळीतल्या धोंडूमामांनी डबा कॅमेऱ्याने गॅलरीत काढलेला. ऐन वेळी पाळण्यातला राजरत्न रडला आणि सुंदराबाईंनी मान फिरवली. लुगडं दिसतं, हातातल्या बांगड्या दिसतात, चेहरा पुसट. पण दीपिकाला त्या पुसटपणात आई दिसायची. नाक कुठे, हसणं कुठे, हे तिला ठाऊक होतं. फोटो जिथे संपायचा तिथून पुढचं ती आठवणीने बघायची.

आता जे सांगते ते राजरत्नला विचारून सांगते. तो दुसऱ्या रांगेत बसलाय. दोन वर्षांपूर्वी आईच्या स्मृतिदिनाला त्याने बहिणीला चकित करायचं ठरवलं. लालबागच्या एका दुकानात तो फोटो दिला, आणि त्यांनी कॉम्प्युटरवर चेहरा भरून दिला. रंगीत, मोठा, सोनेरी चौकटीत. बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोशेजारी तो लागला. मेणबत्ती लावली, सगळे रडले. दीपिकाने एवढंच विचारलं, “ही कोण?”

मूळ फोटो दुकानात राहिला आणि दुकानाला टाळं लागलं. मालकाचा पत्ता नाही. आणि मंडळी, इतक्या वर्षांत दुनियेच्या फोटोंच्या प्रती काढणाऱ्या आमच्या बाईने आईच्या फोटोची प्रत कधी काढलीच नव्हती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

त्यानंतर ती डबा नीट खाईना. एकदा म्हणाली, “लता, डोळे मिटले की आता भिंतीवरचीच बाई येते. आईला बोलवायला जाते आणि ही दार उघडते.” मी म्हटलं, मग काढून टाक तो फोटो. तर म्हणाली, “राजूने मला काय सांगितलं माहितीये? ताई, मला तर आई आठवतच नाही. मला कुठलातरी चेहरा हवा होता. आता त्याची आई मी भिंतीवरून कशी उतरवू?”

मग आपलं यंदाचं प्रदर्शन आलं. पोस्टरवर डाळिंबवाली घ्यायची ठरली, आणि डिझायनर मंडळींनी हौसेने तिचाही चेहरा भरून आणला. पडद्यावर दाखवला तेव्हा आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मी पण वाजवल्या. दीपिका उठली, मोबाइलवर घरच्या भिंतीवरचा आईचा फोटो उघडला आणि पडद्याशेजारी धरला. त्याच भुवया. तेच बारीक हसू. मान कलती ठेवायची तीच तऱ्हा. यझदची बाई आणि घोडपदेवची सुंदराबाई, दोघींना कॉम्प्युटरने एकच चेहरा दिला होता. सरांनी पोस्टर रद्द केलं, त्याबद्दल त्यांचे आभार मानावेत तेवढे थोडे.

पण मी जे नंतर पाहिलं ते सरांना माहीत नाही. त्या दिवसापासून दीपिका रोज सकाळी निगेटिव्ह ठेवायच्या थंड खोलीत जाते, हातमोजे घालते, ती काच उजेडाच्या टेबलावर ठेवते आणि बघत बसते. एकदा मी मागे जाऊन उभी राहिले. ती काचेकडे बघत हळूच म्हणाली, “इथे येते गं अजून. भिंतीवरचीला ही जागा माहीत नाही.”

भिंतीवरच्या बाईने घरातून तिची आई नेली. आता ती फक्त एका परक्या बाईच्या धुक्यात सापडते, आणि ती काच आपल्या कपाटात आहे. संस्थेचा नियम सांगतो की निवृत्त माणसाला थंड खोलीत प्रवेश नाही. म्हणजे सोमवारपासून दीपिका तिला बघणार नाही. काचेची प्रत देऊ, असं कुणी म्हणेल. तीही मी तिला काढून दिली होती. तिने बघितली आणि म्हणाली, “छान आहे. पण यात नाही येत.”

सर, आमच्या बाईसाठी नियमाला एवढा अपवाद करा. वाटलं तर मी सोबत बसेन. आणि त्या काचेला कधीही, कुणीही चेहरा भरणार नाही, हेही आज सगळ्यांसमोर सांगा.

आपण शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. घरची गोष्ट सभेत काढली, बोलण्यात अधिकउणं झालं असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला. खाली बसायची घाई मला नाही. सर, तुमचं उत्तर येईपर्यंत मी इथेच माइकपाशी उभी राहते.