राहिलेला एक गुण

(पोळ्याच्या आदल्या दिवशीची दुपार. उत्तमराव गोठ्यात पाखऱ्या बैलाच्या खांद्याला हळद-तूप चोळत बसले आहेत.)

ग्यानबा: ...म्हणून म्हणलं, उद्याच्याला तुझा पाखऱ्या दे. माझ्या चांद्याच्या जोडीला उभा करतो.

उत्तमराव: अन् तुझा तांब्या?

ग्यानबा: आखाडात गेला. तुला ठावं न्हाई व्हय?

पार्वतीबाई: ह्यांना ठावं हाय, भाऊजी. त्या दिवशी जेवले न्हाईत. पण तुमच्या दारी यायचं म्हणलं का पाय जड होतेत.

उत्तमराव: तू गप बस. ग्यानबा, तोरणाखालून पहिली जोडी न्यायचा मान तुझा. जोडी न्हाई, तर मान सोड.

ग्यानबा: सोडला तर मान त्या खेमाच्या जोडीला जाईल. तिनं बैलांच्या शर्यतीचा एक पट पाहिला न्हाई आजवर. चालंल तुला?

उत्तमराव: हट्टा गावचा पट कोणी मारला होता?

ग्यानबा: तू.

उत्तमराव: औंढ्याचा?

ग्यानबा: तूच. हट्ट्याला तुझी जोडी अशी सुटली का आमी नुसती धूळ खाल्ली. अजून दिसती मला.

उत्तमराव: दोन पट माझे, अन् आठ वर्षं पोळ्याला पुढं तू. हा कुठला इन्साफ?

ग्यानबा: बंडोपंत मास्तरांचा. अरे, आधी दरसाल ह्या मानावरून काठ्या निघायच्या. मास्तरांनी शाळेवानी गुण लावले. पहिल्या जोडीला तीन, दुसऱ्या जोडीला दोन, अन् नुसती रेघ पार केली तरी एक. सालातल्या तिन्ही पटांची बेरीज करायची. पट जिंकणं येगळं, साल जिंकणं येगळं. तूच पहिल्यांदा मान हलवली होतीस.

उत्तमराव: तुझे सात, माझे सहा.

पार्वतीबाई: झालं सुरू. ह्या घरात देवाचं नाव कमी अन् सात-सहा जास्ती.

ग्यानबा: तिसरा पट आपल्याच शिरडला होता, अन् तू आलाच न्हाईस. जोडी नुसती चालवत नेली असतीस तरी सात-सात होत होते. अन् बराबरी झाली का ज्याचे पट जास्ती, त्याचा मान. काहून न्हाई आलास?

उत्तमराव: औंढ्याहून येताना पाखऱ्याचं खूर फुटलं होतं. हट्ट्याला ज्याला पळताना लोकांनी पाहिलं, त्याला लंगडताना दाखवू? एका गुणासाठी? न्हाई जमलं मला.

पार्वतीबाई: सारं गाव पटाला गेलतं, अन् हे हितं बसले, पाखऱ्याच्या गळ्यात हात टाकून. वेशीकडून हलगी ऐकू येत होती. मीच मग दार लोटून घेतलं.

ग्यानबा: मलाबी गोड न्हाई लागलं, वहिनी. पुढं ह्याची धूळ न्हाई, कोणी न्हाई. म्हणलं, पुढल्या साली बराबर पळवू. तवर जर्मनची लढाई लागली, पट बंद पडले अन् मान तसाच माझ्याकडं राहिला. उत्तम, तुला हरवायचं माझं राहूनच गेलं बघ.

उत्तमराव: ...हरण्याबी गेला माझा. त्याच्या मागं ह्यो एकटाच दावणीला.

ग्यानबा: माझा चांद्याबी एकटाच. चारा टाकला तरी बाजूला पाहून राहतो.

उत्तमराव: पाखऱ्या अजून पाय धड टेकवत न्हाई. सारं गाव मागं खोळंबल.

ग्यानबा: खोळंबू दे. तोरणाखालून पार झाला का त्याचा राहिलेला एक गुण मी धरतो.

पार्वतीबाई: मंग सात-सात झाले.

उत्तमराव: बराबरी झाली का मान कोणाचा, ध्यानात हाय न तुझ्या?

ग्यानबा: हाय की. म्हणून तर आलो. उद्या दोघांचे कासरे तू धर. मी मागून येतो, हट्ट्याला आलतो तसा.