पुलाले माणसं पाहिजेत

सांगतो, पण हे मोताळ्याच्या पाहुण्यायले सांगू नका बे. आजबी लाज वाटते.

महाराष्ट्र नवाच झाला होता. डोणगावच्या रस्त्यावर आमच्या नदीले पूल बांधायचं ठरलं. एक दिवस ओव्हरसियर साहेब आले अन् पारावर उभं राहून म्हणाले, "पुलाला वीस माणसं पाहिजेत."

झालं! पुलाले माणसाचा बळी लागते, हे तं आमच्या गावात सारेच धरून चालले होते. घडीभरात एक गडी दिसेना. आमचा बाप गावचा नामी पहेलवान, तो ज्वारीच्या रिकाम्या कणगीत जाऊन बसला.

साहेब आमच्या दारात आले. "बाई, घरात माणसं नाहीत का?"

"नाही जी, सारे परगावी गेले," माय म्हणे.

तेवढ्यात कणगी शिंकली.

मायनं हात जोडले. "एकच आहे जी घरात. त्याले पुलाखाली गाडू नका!"

"गाडू? अहो, पाया खणायला मजूर पाहिजेत!"

शेजारची गंगाबुढी हे ऐकून राह्यली होती. तिचा लेक मागच्याच पुरात बैलगाडीसकट वाहून गेला होता. ती टोपलं घेऊन पुढं आली. "मले घे बापू. माहा पोरगा तं बिनपुलाचाच गेला ना."

बाप कणगीतून निघाला. त्यानं बुढीच्या हातातलं टोपलं घेतलं. केसात ज्वारीचं भुसकट अडकलं होतं, पण ते झटकायचीबी त्याची हिंमत झाली नाही.