माहेरचं लुगडं आणि स्टेपनी

(हत्तरगीचा टोल ओलांडून थोडं पुढं, हायवेच्या कडेला एक पांढरी बॅटरीवरची गाडी उभी आहे. दुपारचे चार वाजत आलेत. जयाबाई मागच्या सीटवर दार उघडं टाकून बसल्यात, सून अंजनी डिकीपाशी.)

जयाबाई : माझ्याकडं असं तोंड करून बघू नको. न्हाय बसले म्हणजे न्हाय बसले. कोंबड्यांच्या टेम्पोत बसून आक्काच्या दारात उतरू? तिच्या सासरची माणसं काय म्हणतील? बहिणीच्या मातीला आली आन पिसं झाडत आली.

अंजनी : आत्ती, तो निपाणीपर्यंत सोडतो म्हणत होता. तिथनं कोगनोळी किती लांब हाय? पोचला असता तुम्ही.

जयाबाई : घरची गाडी असताना? काय झालंय गाडीला? चाकातलं वारं गेलंय. भर की.

अंजनी : दोनदा भरलं. कंपनीनं दिलेली बाटली पण ओतली आत. ते औषध घालून पंप लावला की भोक बुजतं म्हणे. खरं टायर बाजूनं फाटलाय. जेवढं भरावं तेवढं फेस होऊन भाईर येतंय.

जयाबाई : बाटलीतलं औषध आक्कालाबी घातलं डाक्टरनं. तिथं तरी काय बुजलं?

अंजनी : आता स्टेपनी लावायची, दुसरं काय न्हाय. आणि डिकीत स्टेपनीच न्हाय. जॅक हाय, पाना हाय, तांबडा तिकोनी बोर्ड हाय. चाक तेवढं न्हाय.

जयाबाई : दिलंच नसंल कंपनीनं. बॅटरीनं जागा खाल्ली म्हणून माझा नागराज सांगत होता की. एवढी मोठी गाडी द्यायची आन एक चाक मागं ठेवून घ्यायचं. भाड्यांनी जीव तरी कशाला घातला तिच्यात.

अंजनी : कंपनीनं न्हाय दिलं. खरं ह्यांनी वेगळं आणून ठेवलंतं, गाडी दारात आली त्याच्या दुसऱ्याच दिवशी. म्हणाले, गाडी विजेवर पळू दे न्हायतर देवावर, चाक खड्ड्यातनंच जाणार. मी डोळ्यांनी बघितलंय. कुणी काढलं?

जयाबाई : मला काय इचारतीस? चालवतीस तू, बघायचं तू.

अंजनी : थांबा, ह्यांनाच लावते.

जयाबाई : नको लावू त्याला. मशिनीवर हाय तो. हात जाईल एखाद्याचा.

अंजनी : लागला... अहो, स्टेपनी कुठाय? ... कुठं? ... कधी? ... बरं. न्हाय, त्या बसल्यात गाडीत. ... तुम्ही निघा मग, पुढच्या पाळीचा जोडीदार आला की तसंच. मोटरसायकलला बांधून आणा. ... बरं, ठेवते.

जयाबाई : काय म्हणाला?

अंजनी : चाक हातमागाच्या खोलीत हाय म्हणाले. पोत्याखाली.

जयाबाई : असंल.

अंजनी : मंगळवारी तुम्हीच काढायला लावलंत म्हणाले.

जयाबाई : लावलं! शहापूरच्या दुकानात साड्यांचे गठ्ठे पोचवायचे होते. नव्या रबराचा वास रेशमाला धरतोय, आन एकदा धरला की चार धुण्यांतबी जात न्हाय. गिऱ्हाईक घडी मोडायच्या आधी नाकाला लावून बघतंय. चाळीस वर्षं मागाच्या खड्ड्यात पाय घालून बसलेय मी. मला शिकवू नको.

अंजनी : मी कुठं शिकवूलोय? परत ठेवायचं तेवढंच ऱ्हायलं.

जयाबाई : ठेवत होता त्यो. मीच म्हटलं, ऱ्हाऊ दे रं. रविवारी आक्काकडं जायाचंय, तिचं लुगडं जाणार डिकीतनं. सोमवारी ठेव म्हणावं.

अंजनी : रविवारी...

जयाबाई : व्हय. आक्कानं शुक्रवारच धरला.

अंजनी : आत्ती, पाणी घ्या जरा.

जयाबाई : नको. आक्काच्या पोराला, समर्थाला लाव. किती वाजता उचलणार इचार.

अंजनी : मघाशीच बोलले मी समर्थभावजींशी. रातीपासनं ठेवलंय, पुण्याची लेक पण आली. दिवस मावळायच्या आत माती व्हायला पायजे म्हणतात जाणती माणसं. साडेपाचच्या पुढं थांबवता यायचं न्हाय. तुमच्यासाठीच थांबलेत.

जयाबाई : माझ्यासाठी न्हाय, लुगड्यासाठी थांबलेत. माहेरचं लुगडं अंगावर पडल्याबिगर बाईला उचलत न्हाईत. भाऊ असता तर त्यानं नेलं असतं. भाऊ न्हाय, आईबाप न्हाय. आक्काचं माहेर म्हणून एवढी मीच एक ऱ्हायलेय, आन मी हितं बसलेय कडंला, कणीस इकायला बसल्यागत.

अंजनी : संकेश्वरात दोघा गाडीवाल्यांना फोन केला. एक लग्नात गुंतलाय, एकाला यायला तास लागतोय. आता कोण थांबलं तर बसायचं बघा आत्ती. कोंबड्या असू देत न्हायतर म्हशी.

जयाबाई : बसते. दाखव हात.

अंजनी : दाखवूलोयच की. थांबतंय कोण एवढ्या जोरात?... हे बघा, टोलवाल्यानं पाठवला वाटतं कुणाला तरी. पंक्चरवाला दिसतोय.

रवळू : कुठलं चाक, मॅडम? हे? अय्यो. हे काय व्हायचं न्हाय. मधी खिळा असला तर दोरी मारून दिली असती. हे कुशीलाच चिरलंय. ह्याला ठिगळ बसत न्हाय.

अंजनी : दुसरा टायर मिळंल ह्या मापाचा?

रवळू : ह्या करंटच्या गाडीचा? माझ्याकडं तर न्हाय. बेळगावास्नं मागवायला पायजे. तुमची स्टेपनी असती तर धा मिंटांत बसवून दिली असती.

जयाबाई : सांगितलंस? झालं समाधान? आता गप ऱ्हा.

रवळू : काय झालं, अज्जी? चिडू नका. कुठं जायाचंतं?

अंजनी : कोगनोळीला. ह्यांची थोरली बहीण वारली. साडेपाचला उचलतात.

रवळू : अज्जी, माझ्या मोटरसायकलीवर बसा. पाऊण तासात सोडतो बघा.

जयाबाई : बसले असते बाबा. खुब्यात सळई हाय. पाय पलीकडं जात न्हाय माझा.

अंजनी : ह्यांनी घरनं चाक आणेपर्यंत साडेपाच हितंच वाजणार.

जयाबाई : एऽ पोरा. नाव काय तुझं?

रवळू : रवळू.

जयाबाई : रवळू, कोगनोळीत मी न्हाय पोचले तरी एक वस्तू पोचायला पायजे. नेशील?

अंजनी : आत्ती...

जयाबाई : तू थांब गं. हे लुगडं बघ. आज दुपारी मागावरनं उतरवलंय. सकाळी फोन आला तवा वीतभर विणायचं ऱ्हायलंतं. नागराज म्हणत होता, आई, तसंच कापून घेऊ. मी म्हटलं, अर्धवट पदराचं घेऊन माहेर जातंय व्हय? अर्धा दिवस त्यात घातला मी. न्हायतर आता तिच्या उशाला असते.

रवळू : अज्जी, माझे हात काळे हायती. पिशवीत घालून द्या.

जयाबाई : पिशवी वाऱ्यानं फडफडंल. शर्टात घाल. छातीशी.

रवळू : टायरचा वास लागंल की हो. सगळा त्याच वासाचा झालोय मी.

जयाबाई : लागू दे. घाल.

अंजनी : तुमचा नंबर सांगा. ... हां, समर्थभावजींचा पाठवला बघा. गावात शिरला की लावा. सांभाळून जावा, काम चाललंय रस्त्याचं.

रवळू : व्हय, व्हय. येतो अज्जी.

जयाबाई : येऊ नको, जा. ... गेला का गं? मला न्हाय दिसत एवढं लांबचं.

अंजनी : गेला. वळणाच्या पलीकडं गेला.

जयाबाई : सा महिने बोलावत होती मला. जया, एकदा येऊन जा गं, दोन रात्री ऱ्हा. मी म्हटलं, गाडी येऊ दे. तिच्या दिरानं एकदा चार माणसांत म्हटलंतं, जयाबाईला एष्टीबिगर कोण आणतंय. ते डोक्यात धरलं मी. मग गाडी आली. मग म्हटलं, तुझं लुगडं उतरू दे मागावरनं, हातात काय घेऊन येऊ? ती म्हणायची, तू ये गं, हात कशाला बघतीस.

अंजनी : ठावं असतं तर मीच घेऊन आले असते, आत्ती. एका शब्दानं सांगायचं.

जयाबाई : सुनेला सांगायचं, मला बहिणीची आठवण येतीया म्हणून? मी?

अंजनी : सांगायचं की.

जयाबाई : मंगळवारी एक चाक जागच्या जागी ठेवलं असतं... जाऊ दे. किती वाजले?

अंजनी : पाच वीस. आला बघा फोन. ... हां भावजी, बोला. ... पोचला? ... बरं. ... आत्ती, लुगडं पोचलं. नेसवलं म्हणतात. व्हिडिओ लावू का, तोंड बघून घेतील म्हणतात.

जयाबाई : नको. फोनात न्हाय बघायची मी तिला.

अंजनी : मग उचलू का, इचारतात. तुम्ही व्हय म्हटल्याबिगर कोणी हात लावणार न्हाईत.

जयाबाई : निऱ्या घोट्याच्या वर हाईत का, इचार. लांब सोडल्या की तिच्या पायात येत्यात.

अंजनी : आत्ती, त्यांना आता चालायचं कुठं...

जयाबाई : इचार गं.

अंजनी : भावजी, निऱ्या तेवढ्या घोट्याच्या वर घ्या म्हणतात. ... व्हय. थांबते. ... घेतल्या, आत्ती. वर खोचल्या.

जयाबाई : मग उचला म्हणावं.