सिरिलचा रेडिएटर

लीड्समधल्या हार्डवेअरच्या दुकानात रांगेत माझ्यापुढे एक म्हातारी आणि एक प्लंबर बोलत होते. विषय म्हातारीच्या घरातल्या, खोली गरम ठेवणाऱ्या रेडिएटरचा; त्यात हवा अडकली की तो तापत नाही.

“रेडिएटरची हवा सोडायचा स्क्रू पकडीनं फिरवलात? झिजला ना! चावी कशाला असते, बाई?”

“चावी सिरिल कुठं ठेवतो, देव जाणे. दर ऑक्टोबरला हवा तोच काढतो. बायकोला हात लावू देईल तर शपथ.”

“मग त्यांनाच विचारायचं.”

“अर्धांगाचा झटका आलाय, इस्पितळात आहे. उद्या घरी येतोय आणि त्याचीच खोली गार.”

“आज घरी येऊन रेडिएटरमधलं पाणी काढतो आणि नवा स्क्रू बसवतो. हवाही काढून देतो.”

“हवा राहू द्या. नवी चावी तेवढी इथून घेते, त्याच्या हातात ठेवीन.”

“आणि हात चालला नाही तर?”

“तर मी फिरवीन. पण आधी त्याला विचारीन.”